कातडीखालची नळी : भीती नको, काळजी हवी

डायलिसिससाठी डॉक्टर कधी कधी छातीपासून गळ्यापर्यंत कातडीखालून नळी घालायला सांगतात. तिला परमकॅथ म्हणतात. वस्तीत आम्हाला विचारतात, "ताई, कातडीखाली सळई घालतात म्हणे?"

घालतात; पण तिचे टोक बोथट असते. या अवजाराला टनेलर म्हणतात. आधी जागा बधिर करतात. मग छातीवरच्या बारीक छेदातून सळई कातडीखालच्या मऊ थरातून हळूहळू गळ्याजवळ नेतात. टोक बोथट असल्याने ती वाट काढते, कापत नाही. तिच्यामागून नळी ओढून घेतात आणि गळ्यातल्या मोठ्या शिरेत सोडतात.

एवढा वळसा कशाला? सरळ शिरेत घातलेल्या नळीवाटे बाहेरचे जंतू लवकर रक्तात जातात. वळशाने वाट लांबते. शिवाय नळीवर कापडासारखी पट्टी असते; काही आठवड्यांत मांस तिला धरते आणि जंतूंची वाट अडते. तोवर टाके जपा.

घरी ड्रेसिंग भिजवू नका, नळी ओढू नका, टोपण उघडू नका. या नळीतून बाहेर कुणाला सलाईन लावू देऊ नका. थंडी वाजून ताप आला, पू दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जंतू रक्तात पसरले तर जिवावर बेतते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन सीपीआरमधल्या आरोग्यमित्राला भेटा. पैशापायी डायलिसिस चुकवू नका.

जय भीम!