खांदेरीचे दीपगृह

मुंबई बंदरात शिरू पाहणाऱ्या परक्या गलबतास पूर्वी दोन भये असत: उत्तरेच्या अंगास मुंबईतील कुलाब्याच्या टोकापासून समुद्रात दूरवर गेलेली खडकांची रांग, आणि दक्षिणेच्या अंगास अलिबागनजीक थळच्या किनाऱ्यासमोर पाण्याखाली दबा धरून बसलेले खडप. या दुसऱ्या भयाच्या कडेलाच खांदेरीचे बेट आपल्या दोन टेकड्या वर काढून उभे आहे, आणि १८६७ सालापासून त्यावर दीपगृह आहे.

हे ठिकाण ज्याच्या ताब्यात, त्याच्या नजरेखालून बंदरातील प्रत्येक जहाज जाणार, ही गोष्ट शिवाजी महाराजांनी जितकी ओळखली तितकीच मुंबईच्या इंग्रजांनीही ओळखली होती. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडारी याने महाराजांच्या हुकुमाने बेटावर तटाचे काम सुरू केले, तेव्हा इंग्रजांनी आपली जहाजे आणून बेटाची नाकेबंदी मांडली. ऑक्टोबरात मराठ्यांचा सरदार दौलतखान याच्या आरमाराशी त्यांची चकमकही झाली. परंतु इंग्रजांची अवजड, खोल तळाची जहाजे उथळ पाण्यात येऊ शकत नसत, आणि मराठ्यांच्या हलक्या, वल्ह्यांनी चालणाऱ्या होड्या रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावरून रसद घेऊन बेटास बिनधोक लागत. पुढे १६८० च्या जानेवारीत जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचे उंदेरी बळकाविले आणि इंग्रजांनी तडजोड केली, तरी खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. मला या प्रसंगातील सर्वात मोलाची वाटते ती त्या नावाड्यांची विद्या: कोठला खडक ओहोटीस उघडा पडतो, कोठून भरतीच्या पाण्यावर होडी निभावून जाईल, हे त्यांस पिढीजात ठाऊक होते, म्हणून त्यांस दिव्याची गरज नव्हती.

ती गरज परक्यांस होती. १८१८ साली मराठ्यांचे राज्य गेले व बेट इंग्रजांच्या अमलाखाली आले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसास अपूर्व मागणी येऊन बंदरातील रहदारी वाढली. ज्यांच्या तांडेलांनी हा किनारा कधी पाहिला नाही अशी जहाजे येऊ लागली. त्यातून नैर्ऋत्येचा पावसाळा म्हणजे वारा जहाजास थेट किनाऱ्याकडे लोटणारा, आणि दिवसा खूण म्हणून उपयोगी पडणारा कनकेश्वराचा डोंगरदेखील सरीच्या पडद्याआड नाहीसा होणारा. अशा वेळी कुलाब्याकडील बत्ती एकटी पुरेशी नव्हती. जहाजाचा कप्तान एका दिव्यावरून आपली दिशा काढू शकतो, नेमके स्थान नव्हे. दोन दिव्यांच्या दिशा होकायंत्रावर पाहून नकाशावर दोन रेषा ओढल्या, की त्या जेथे छेदतात तेथे आपले जहाज. म्हणून बंदराच्या मुखाच्या दक्षिणेस खांदेरीचा अष्टकोनी मनोरा उभारला गेला, आणि उत्तरेस १८७५ साली टॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याने कुलाब्याच्या टोकाच्या त्या प्राँग्ज खडकांवर नवे दीपगृह बांधून पुरे केले.

दीपगृहाचे खरे सामर्थ्य ज्योतीत नसून तिच्या भोवतालच्या काचेत असते. दिव्याचा प्रकाश आकाशाकडे व पायथ्याकडे व्यर्थ जातो. ऑगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने भिंगाभोवती काचेच्या लोलकांची कडी रचून ते भरकटणारे किरण क्षितिजाच्या दिशेने वळविले, आणि १८२३ साली फ्रान्समधील कोर्दुआन येथे ही युक्ती प्रथम योजिली गेली. त्यानंतर तेलाची साधी बत्तीही कित्येक कोस दिसू लागली.

आजही बेटावर उतरणाऱ्यास तटाच्या बुरुजांपाशी लोखंडी चाकांच्या गाड्यावर चढविलेली तोफ दिसते, दगडाने ठोकल्यास धातूसारखा नाद देणारी शिळा दाखविली जाते, आणि कोळी बांधव ज्यास नवस बोलतात तो वेताळदेव भेटतो. १९९८ साली बेटास मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत खांदेरीचा जागतिक वारसा म्हणून समावेश केला. किल्ल्याचा इतिहास सांगणारे बहुधा १८१८ पाशी थांबतात आणि मनोऱ्यास परकीयांची वास्तू समजून बाजूला सारतात, हे मला मुळीच पटत नाही. बुरुज आणि मनोरा दोन्ही एकाच जलमार्गासाठी बांधलेले आहेत, आणि दोहोंची डागडुजी सारख्याच आस्थेने झाली पाहिजे.