विरळ हवेच्या वाटेवर

हरियाणातील मानेसर हे औद्योगिक नगर अरवलीच्या कुशीत वसलेले असले, तरी समुद्रसपाटीपासून त्याची उंची तीनशे मीटरच्या आतच आहे. तेथील कारखान्यात नोकरी करणारा एखादा मराठी तरुण एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत पायी जाण्याचा बेत आखतो, तेव्हा त्याला ५,३६४ मीटर उंची गाठायची असते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे; तीन कळसूबाई एकावर एक रचल्या, तरी ही उंची पुरी होत नाही.

पायांची तयारी त्यामानाने सोपी. पुण्याचे गिर्यारोहक पाठीवर वजन घेऊन सिंहगड चढतात. मानेसरला गड नाही. तेथे बहुमजली इमारतीचा जिनाही चालतो. तीन-चार महिने नियमाने चढ-उतार करावा, कारण गुडघ्यांची खरी परीक्षा उतरतानाच होते. नवे बूट मात्र प्रवासाच्या आधीच पायांत रुळलेले असावेत.

खरा प्रश्न श्वासाचा आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते. परंतु उंचीवर हवेचा दाब घटतो. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी होतो. शरीर श्वासाची गती वाढवते, रक्तात आवश्यक बदल घडवते. पण त्याला दिवस लागतात. व्यायामाने कमावलेले शरीरही या नियमाला अपवाद नाही. उलट, दमदार तरुण भराभर वर जातो आणि म्हणूनच आजारी पडतो.

यासाठी ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा संकेत आहे. लुक्ला येथून निघालेला प्रवासी फाकडिंगहून नामचे बाजारला पोहोचतो, तेव्हा तो एका दिवसात आठशे मीटरहून अधिक चढलेला असतो. म्हणून ३,४४० मीटरवरील नामचे येथे दोन रात्री काढतात. पुढे ४,४१० मीटरवरील दिंगबोचे येथेही तसेच. या विश्रांतीच्या दिवशी लोळत पडायचे नसते. दिवसा थोडे उंच चढून रात्री खाली येऊन झोपायचे असते. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या गिर्यारोहकांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट सर केले. अशा मोहिमांतही शिखराकडे निघण्यापूर्वी कित्येक दिवस हीच ये-जा चालते.

डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे ही पहिली लक्षणे. ती दिसताच वर चढणे थांबवावे. अनेकजण सोबत्यांचा खोळंबा नको म्हणून ती लपवतात. हा संकोच जिवावर बेतू शकतो. तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा स्वस्थ बसूनही धाप लागली, तर मेंदूत अथवा फुप्फुसांत पाणी साठू लागले असे समजावे आणि रात्र असली तरी रुग्णाला सोबत देऊन ताबडतोब खाली न्यावे. अॅसिटाझोलामाइड हे औषध शरीराला उंचीशी जुळवून घेण्यास मदत करते. ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. झोपेच्या गोळ्या आणि मद्य वर्ज्य.

लुक्लाची विमाने ढगाळ हवेत अडकून पडतात. रजा मागतानाच दोन-तीन दिवस अधिक मागितलेले बरे. परतीच्या तिकिटाच्या धास्तीनेच पुष्कळांचा नामचेचा मुक्काम हुकतो.