ट्रस्ट वडिलांचा, सही सावत्र आईची

चेन्नईहून बंगळुरूच्या रस्त्याला लागलं की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै येतं. इथे औद्योगिक वसाहत झाली, १९९८ मध्ये ह्युंडाईचा मोटार कारखाना सुरू झाला. कारखाने आले की जमिनीला भाव येतो, आणि भावाच्या पाठोपाठ घराघरांत वाटणीचे प्रश्न येतात.

समजा, इथल्या एका विधुर गृहस्थाने गोदामाची जागा आपल्या मुलीसाठी आणि मुलासाठी ट्रस्टमध्ये ठेवली. पुढे दुसरं लग्न केलं, नव्या पत्नीला विश्वस्त नेमलं. तिलाही मुलगा झाला. मग गृहस्थ वारले. मुलगी वीस वर्षांची, तिचा भाऊ पंधराचा. आता सावत्र आई म्हणते, ‘कागद बदलू आणि माझ्या मुलाचंही नाव घालू.’ सावत्र आई म्हणजे दुष्टच, हे सिनेमातलं गणित. आपल्या लेकराची काळजी तिलाही असणारच. पण असा बदल तिला करता येईल का?

एकटीला नाही. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्यानुसार विश्वस्त हा मालक नव्हे. ट्रस्टच्या कागदात लिहिलं असेल तसंच त्याने वागायचं. बदल करायचा तर सर्व सज्ञान लाभार्थींची संमती हवी. लाभार्थी अज्ञान असेल तर त्याच्या वतीने मुख्य दिवाणी न्यायालयाने संमती द्यायला हवी. म्हणजे मुलीने सही केली तरी भावाची सही घरात बसून कुणालाच करता येत नाही. अपवाद एकच, ट्रस्ट करतानाच तसा अधिकार कागदात राखून ठेवलेला असेल तर. म्हणून ते कलम आधी वाचावं. ट्रस्ट मृत्युपत्रातून केलेला असेल, तर वडील हयात असेपर्यंत ते स्वतः तो केव्हाही बदलू शकतात.

धाकट्याचं काय? हिंदू कुटुंबात वडिलांच्या नावावर ट्रस्टबाहेर जे उरलं आणि ज्याचं मृत्युपत्र नाही, त्यात विधवा पत्नी आणि तिन्ही मुलं यांचे सारखे हिस्से. आजी हयात असेल तर तिचाही एक.

खरा धोका वेगळाच आहे. वडिलांनी ट्रस्ट न करता ती जागा विश्वासाने पत्नीच्याच नावे केली असती तर? ती तिची स्वतःची झाली असती. तिने मृत्युपत्र केलं नाही, तर आधी तिच्या पोटची मुलं. नवऱ्याची पहिली मुलं त्यांच्यासोबत येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये लछमन सिंग यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. सावत्र मुलगा हा तिचा ‘मुलगा’ नव्हे, तो नवऱ्याचा वारस म्हणून नंतरच्या रांगेत. वर्षानुवर्षं ‘आई’ म्हणून हाक मारली, तरी वारसाहक्काच्या यादीत त्या हाकेला जागा नाही.

याच तमिळ मुलखात कागदावर क्रम लिहून ठेवल्याचं एक मराठी उदाहरण आहे. तंजावरचे शिवाजी राजे १८५५ मध्ये मुलगा नसताना वारले. कंपनीने राज्याबरोबर खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई लढल्या, पण १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलमध्ये हरल्या. पुढे १८६२ मध्ये सरकारने ती मालमत्ता परत दिली, तीही अटी घालून: कारभार थोरल्या राणीकडे, लाभ सगळ्या राण्यांना आणि शेवटच्या राणीनंतर राजांच्या मुलीला. कारभार पाहणारी वेगळी आणि हक्क असणारी वेगळी, हे तेव्हाच लिहिलं गेलं. तरीही सवतींचा तंटा मद्रास उच्च न्यायालयात गेलाच.

तेव्हा अशा घरातल्या मुलांनी भांडणाआधी कागद मागावेत. ट्रस्टचा दस्त, हिशेब आणि पावत्या पाहण्याचा व त्यांच्या नकला घेण्याचा लाभार्थीला हक्क आहे. दस्त नोंदलेला असेल तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातूनही नक्कल मिळते. आपल्याकडे जसा सातबारा, तसा तिकडे पट्टा. तो कुणाच्या नावाचा आहे तेही पाहावं. आणि विक्रीची बोलणी सुरू झाल्याचं कळलं, तर वकिलाकडून लगेच मनाई हुकूम मागावा, कारण ट्रस्टची कल्पना नसताना पूर्ण किंमत मोजून जागा घेणाऱ्याकडून ती परत मिळवणं फार कठीण जातं.