लागेल कधीतरी!

ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक, कुठंही जा, सध्या एक वाक्य हमखास कानावर येतं, "आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली." नव्या जागेची स्वप्नं सगळ्यांनाच पडतात, पण त्याआधी दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची असतात, आणि त्यासाठी पंचवीस-तीस वर्षांचा संसार खोक्यांत भरायचा असतो. ते काम कुणाकडे येतं हे सांगायला नकोच! माळ्यावरून एकेक वस्तू खाली उतरू लागली, की घरातली पुरुषमंडळी विचारतात, "एवढं सामान आलं तरी कुठून?"

मैत्रिणींनो, यातलं बरंचसं सामान आपण विकत आणलेलंच नसतं. ते घरात चालत आलेलं असतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवांचाच हिशेब करून पाहा. दहा घरी गेलात, तर दहा वाणं! प्लॅस्टिकची डबी, गाळणी, टोपली, स्टीलची वाटी. पूर्वी सुगडात ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजराचे तुकडे घालून द्यायचे. खाल्लं की संपलं. आता लुटायची वस्तू 'टिकाऊ' हवी, आणि ती टिकते हीच तर पंचाईत! यंदा गुळाची छोटी ढेप, कापूर, वाती, साबण किंवा चांगली हळद लुटून पाहा ना. कुणी नाव ठेवणार नाही, आणि ठेवलंच तर ठेवू दे.

ओटीच्या ब्लाऊजपीसची गोष्ट तर विचारूच नका. ते शिवायचं कुणाच्याच मनात नसतं. या घरून त्या घरी नुसतं फिरत राहतं. एखादं तर फिरून पुन्हा आपल्याकडेच यायचं! महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कापडी पिशव्यांचीही तीच गत. प्रत्येक लग्नमुंजीतून एक येते आणि दाराआडच्या खुंटीवर जाऊन बसते.

थोडक्या सामानाचं गुणगान करताना हमखास जुन्या चाळीतल्या दोन खोल्यांचा दाखला दिला जातो. कोनाडे, एक फडताळ, कपड्यांची दांडी, भिंतीतल्या खुंट्या, झालं घर. खरं आहे, पण ती काही निःसंगवृत्ती नव्हती, जागा नव्हती आणि पैसा नव्हता. त्या घरातली बाई पाट्यावर वाटत होती आणि नळावर रांगेत उभी राहत होती. मिक्सर, कुकर, धुण्याचं यंत्र यांनी आपले हात मोकळे केले. ते काढून टाका असं कुणी सांगू लागलं, तर त्यालाच आधी आठवडाभर पाट्यावर बसवावं!

साधेपणाचा उपदेश करणं सोपं आणि त्याचा भार मात्र दुसऱ्यावर, असंही होतं. गांधीजींच्या एकादश व्रतांत असंग्रहाला मानाची जागा आहे. पण १९०१ सालचा प्रसंग पाहा. दक्षिण आफ्रिकेतून निघताना लोकांनी त्यांना दागिने आणि मौल्यवान भेटी दिल्या, त्यात कस्तुरबांसाठी सोन्याचा हार होता. सगळं विश्वस्त निधीला द्यायचं गांधीजींनी ठरवलं आणि आधी मुलांना आपल्या बाजूला वळवून घेतलं. कस्तुरबा मात्र वाद घालत राहिल्या, रडल्या. सुनांसाठी काही ठेवायला नको का? आणि तुमच्या सेवेत माझे कष्ट नव्हते का? शेवटी दागिने गेलेच. गांधीजींनी आत्मकथेत हे सारं प्रांजळपणे लिहिलं आहे. देणं योग्य होतं, असं पुढं कस्तुरबांनाही पटलं, असं ते सांगतात. मला मात्र त्यांचा तो प्रश्न अजूनही बिनतोड वाटतो.

म्हणून घर आवरताना पहिला नियम हा, की दुसऱ्याची वस्तू त्याच्या माघारी काढायची नाही. सासूबाईंचा तांब्याचा बंब तुम्हाला अडगळ वाटेल. त्यांच्या लेखी त्यात पहाटे उठून तापवलेलं सगळ्या घराचं पाणी असतं. त्यांना जवळ बसवा, विचारा. एखादी कळशी त्या ठेवतील आणि बाकीची तांब्यापितळ मोडीत द्यायला स्वतःच सांगतील. घाई मात्र नको. आणि हाच न्याय स्वतःलाही लावा बरं का! यजमानांची जुनी मासिकं तशीच आणि आपली तंबोऱ्याची खोळ आधी बाहेर, असं होऊ देऊ नका.

आवराआवरीवरच्या पुस्तकानं जगभर गाजलेल्या जपानच्या मारी कोंडो सांगतात, की वस्तू हातात घ्या आणि आनंद होत असेल तरच ठेवा. आता भाकरीचा तवा हातात घेऊन कसला आनंद व्हायचा? भाकरी टम्म फुगते एवढं त्याला पुरे. तिसरं मूल झाल्यावर आपणही टापटिपीचा नाद थोडा सोडलाय, असं त्यांनीच २०२३ साली सांगितलं, तेव्हा फार बरं वाटलं.

आपल्याकडची कसोटी साधी आहे: गेल्या दिवाळीपासून ही वस्तू किती वेळा काढली? पंचवीस पानांची पंगत घरात उठत नसेल, तर पंचवीस ताटंही नकोत. लागली तर भाड्यानं मिळतात. रेशमी साड्यांकडे मात्र वेगळ्या नजरेनं पाहा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिल्या, की जर घडीवर तुटते, रेशीम चिरतं. ज्या ठेवायच्या त्यांच्या घड्या दर दोन-तीन महिन्यांनी बदला आणि त्या मलमलीत गुंडाळा. ज्या नेसणार नाही त्या भाचीला, सुनेला आत्ताच द्या, म्हणजे ती नेसलेली बघायला तरी मिळेल. सुती साड्यांची गोधडी होते.

उरलेले कपडे घ्यायला बोहारीण येईलच. तिच्याशी घासाघीस जपून करा. ते कपडे धुऊन, दुरुस्त करून जुन्या बाजारात विकण्यात तिचाही कस लागतो. फक्त एक लक्षात असू द्या. पाच साड्या आणि तीन पँटी देऊन तुम्ही आणखी एक पातेलं घरात आणणार आहात! तिच्या टोपलीत बादल्या असतात. न्हाणीघरातली तडकली असेल, तर तीच मागून घ्या.