विद्या आहे, पण वतन कुठे?

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ कावेरीच्या काठी तिरुविसनल्लूर नावाचे लहानसे गाव आहे. या गावाशी मराठी माणसाचे जुने नाते आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे पुत्र शहाजीराजे १६८४ मध्ये तंजावरच्या गादीवर आले. त्यांनी १६९३ मध्ये हे गाव पंचेचाळीसच्या आसपास विद्वानांना दान दिले आणि त्याचे नाव पडले शहाजीराजपुरम्. ‘जानकीपरिणय’ नाटकाचे कर्ते रामभद्र दीक्षित, तसेच श्रीधर व्यंकटेश अय्यावाळ हे इथलेच.

शिकवणाऱ्याच्या घरची चूल निश्चिंत पेटत असेल, तरच त्याचे मन ग्रंथात रमते, हे त्या राजाने ओळखले होते. आज गाव दान देणारा राजा नाही. प्राध्यापकाला आपले वतन स्वतःच उभे करावे लागते आणि नेमका याच बाबतीत हा हुशार वर्ग मागे पडतो.

पहिला पगार उशिरा

बँकेत लागलेला मित्र पंचविशीत पहिला हप्ता भरतो, तेव्हा आपला मुलगा किंवा सून संशोधनात गुंतलेली असते. एम.ए., मग नेट किंवा सेट, मग पीएच.डी. या वाटेने कायम नोकरी मिळेपर्यंत पस्तिशी येते. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली, दोन वर्षांनंतर ४२,०००. पण ती पगार नव्हे, तिच्यातून भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही.

या दहा वर्षांची किंमत किती? दरमहा ५,००० रुपये ७ टक्के दराने पंचविसाव्या वर्षापासून साठीपर्यंत साठवले, तर सुमारे ९० लाख होतात. तेच पस्तिसाव्या वर्षी सुरू केले, तर जेमतेम ४० लाख. खिशातून फक्त सहा लाख कमी गेले, पण हातचे गेले पन्नास लाख! म्हणून शिष्यवृत्तीतून हजार-दोन हजार का होईना, बाजूला टाकाच. पोस्टात किंवा बँकेत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते वर्षाला ५०० रुपयांवरही चालू राहते, वर्षाची मर्यादा दीड लाख आणि मुदत पंधरा वर्षे.

तासिकेचा भरवसा किती?

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची अवस्था अधिक नाजूक. जितके तास, तितके मानधन; सुट्टीत काहीच नाही. अशा घराने वर्षाची कमाई बारा महिन्यांत वाटून खर्च ठरवावा. किमान सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा ठेवावा, कुटुंबाचा आरोग्य विमा स्वतः काढावा. घर एकाच्या कमाईवर चालत असेल, तर साधा मुदत विमा हवाच. ‘पुढच्या वर्षी कायम होऊ’ या आशेवर घराचे कर्ज काढू नये.

आणि या आशेलाही मुदत असावी. चार-पाच वर्षांत जागा निघाली नाही, तर भाषांतर, पाठ्यपुस्तक लेखन, स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन, संशोधन संस्था अशी दुसरी वाट आधीपासून तयार ठेवावी. त्यात कमीपणा कसला?

बढतीचे गणित

कायम झालेल्यांनीही स्वस्थ बसू नये. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार पहिल्या बढतीसाठी पीएच.डी. असेल तर चार वर्षांची सेवा पुरते, नसेल तर सहा वर्षे लागतात. सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी मात्र पीएच.डी. आवश्यकच आहे. लग्न, बाळंतपण, मुलांच्या शाळा यांत बायकोचा प्रबंध कपाटात राहिला असेल, तर नवऱ्याने हा हिशेब समजून घ्यावा. तिला दोन वर्षे संध्याकाळी मोकळी मिळाली, तर लाभ साऱ्या घराचाच आहे.

निवृत्तिवेतनाचेही तसेच. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन होते. त्यानंतर आलेल्यांनी वडिलांचा भरवसा आपल्याला लावू नये. आपल्या खात्यात दरमहा रक्कम खरोखर जमा होते का, हे वर्षातून एकदा तरी तपासावे.

घरात बोला

‘अहो, तुमच्या नावावर काय काय आहे?’ असे पत्नीने विचारले, तर रागावू नका. एका वहीत खाती, विमे, वारसदारांची नावे लिहून ठेवा आणि वही कुठे आहे, ते दोघांनाही ठाऊक असू द्या.

शहाजीराजांच्या पंडितांना घराची चिंता राजाने सोडवून दिली होती. आपली चिंता सोडवायला एक वही, थोडी शिस्त आणि लवकर केलेली सुरुवात पुरेशी आहे. सरस्वतीच्या उपासकाने लक्ष्मीचा हिशेब ठेवला, म्हणून सरस्वती रुसत नाही. उलट तिची सेवा निश्चिंतपणे होते.