फोन झोपतो कोणाच्या हुकमाने?

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रात ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून कोणत्या भागात किती वीज द्यायची, याचं वेळापत्रक ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राशी बांधलेलं असतं. साक्रीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प ढगाखाली गेला, मुंबईची मागणी वाढली, हे सगळं तिथेच एकत्र दिसतं. ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झखाली घसरू लागली की मात्र ऐरोलीहून निरोप येईपर्यंत थांबता येत नाही. संचावरचा गव्हर्नर काही सेकंदांत वाफेची झडप स्वतः उघडतो.

अँड्रॉइड फोनमधल्या लिनक्स कर्नलमध्येही जबाबदारीची अशीच वाटणी आहे. कॅमेरा, वायफाय, स्पर्शपडदा या प्रत्येकाचा ड्रायव्हर, म्हणजे ते साधन चालवणारा प्रोग्रॅम, वेगळा. घड्याळ-संकेत कधी तोडायचा, चिपमधली कोणती माहिती आधी जपून ठेवायची, हे फक्त त्यालाच ठाऊक. कर्नलच्या सामाईक गाभ्याला चिपची नस माहीत नसते, पण कोण कोणावर अवलंबून आहे ते माहीत असतं. यूएसबी हबला जोडलेलं साधन जागं असताना हब झोपता कामा नये, हे गाभा पाहतो.

ही वाटणी सहज झाली नाही. संगणकांतल्या वीजबचतीच्या १९९२च्या एपीएम पद्धतीत बरेचसे निर्णय बायोस, म्हणजे संगणकातलं मूळ सॉफ्टवेअर, घेई. १९९६च्या एसीपीआय या मानकाने ते ऑपरेटिंग सिस्टीमकडे आणले. लिनक्समध्ये चालू यंत्रातलं एकेक साधन निजवण्याची सामाईक चौकट २००९च्या डिसेंबरात, २.६.३२ आवृत्तीत आली. तोवर यूएसबीसारख्या उपप्रणालींनी आपापली सोय केली होती. खरी अडचण वेळेची असते: साधन निजवणं चालू असतानाच त्याला उठवण्याची मागणी येते. हा गुंता प्रत्येक ड्रायव्हरने वेगळा सोडवायचा म्हणजे तीच चूक शंभर ठिकाणी करायची. तो गाभ्याकडे गेला, हे मला फार मोलाचं वाटतं.

साधन वापरताना ड्रायव्हर गाभ्याकडचा आकडा एकाने वाढवतो, काम संपलं की घटवतो. आकडा शून्य झाला की गाभा निजवायला सांगतो आणि ड्रायव्हर निजवतो. घटवायचं राहिलं तर साधन जागंच राहतं. रावेर-यावलकडे केळीला रात्रीचं पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याचा फोन मग पहाटेआधीच बंद पडतो. शिवाय जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात आतून तापणारी बॅटरी आणखी लवकर थकते.

या चौकटीतलं प्रत्येक साधन किती वेळ जागं होतं, किती वेळ निजलं, याचा मिलिसेकंदांतला हिशेब कर्नल ठेवतो. बॅटरी बदलण्याआधी तो पाहिला, तर जागं राहिलेलं साधन त्यात सापडू शकतं.