रात्रपाळीतले नव्वद बोल्ट

यवतमाळच्या धावपट्टीवर नियमित प्रवासी विमान येत नाही. इथला माणूस नागपूर गाठतो. तिथेच मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या देखभालीचं केंद्र आहे. देखभालीनंतर परवानाधारक अभियंत्याची सही झाल्याशिवाय विमान उडू शकत नाही. पण सकाळी विमान हवं आहे आणि माणसं कमी आहेत, अशा वेळी त्या सहीवर ताण येतो.

असा ताण काय करू शकतो, याचं एक उदाहरण बघा. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच सतरा हजार फुटांवर निखळली. वैमानिक कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं. सहवैमानिकाने विमान उतरवलं, सगळे वाचले. काच आदल्याच दिवशी पहाटे बदलली होती. मनुष्यबळ कमी म्हणून पाळीप्रमुखाने ते काम स्वतःच केलं आणि जुन्या बोल्टशी नजरेने ताडून नवे निवडले. ९० पैकी ८४ बोल्ट जेमतेम ०.६६ मिलिमीटरने बारीक होते. काच बाहेरून बसवलेली असल्याने केबिनमधल्या हवेचा सगळा दाब त्या बोल्टांवरच येत होता. जमिनीवर मात्र काहीच जाणवत नाही! शिवाय या कामाला दुसऱ्याच्या तपासणीची सक्तीही नव्हती.

त्या पाळीप्रमुखाला निष्काळजी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. १९९३ मध्ये कॅनडाच्या गॉर्डन ड्यूपाँट यांनी देखभालीतल्या चुकांची बारा कारणं मांडली. त्यांत थकवा आहे, दडपण आहे आणि ठामपणे ‘नाही’ म्हणता न येणंही आहे. ते ‘नाही’ म्हणणाऱ्याची नोकरी सुरक्षित ठेवणं हे कंपनीचं काम आहे.